अडोबीने अप्रेजल बंद केलं, पण खरी गोष्ट त्याच्या नंतरची आहे

मार्च २०१२ ची गोष्ट. अडोबी कंपनीच्या एचआर प्रमुख डोना मॉरिस भारतात आल्या होत्या, जेटलॅगने झोपेचं खोबरं झालेलं, आणि त्यात इकॉनॉमिक टाइम्सच्या पत्रकाराने विचारलं की एचआरमध्ये काही तरी उलथापालथ होईल असं तुम्ही काय करणार आहात. बाई बोलून गेल्या की वार्षिक परफॉर्मन्स रिव्ह्यूची पद्धतच बंद करायचा आमचा विचार आहे. झालं, बातमी छापून आली. गोची एवढीच होती की सीईओ शंतनू नारायण यांच्याशी त्यांचं याबद्दल अजून नीट बोलणंच झालेलं नव्हतं!

आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी "माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला" असं पत्रक निघालं असतं आणि विषय संपला असता. मॉरिस बाईंनी तसं केलं नाही. कम्युनिकेशनवाल्या टीमला हाताशी धरून त्यांनी कंपनीच्या इंट्रानेटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या आतल्या वेबसाइटवर, एक लेख टाकला, की आपली मूल्यमापनाची पद्धत बदलायची आहे, ती कशी असावी ते तुम्हीच सांगा. तो लेख इंट्रानेटवर सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या लेखांपैकी एक ठरला आणि लोकांनी मनातलं सगळं ओतलं. साहजिकच आहे म्हणा, अप्रेजलबद्दल मनात काही साचलेलं नाही असा नोकरदार कुठे भेटणार.

हे प्रकरण बहुतेक लोक "अडोबीने अप्रेजल बंद केलं" एवढ्या एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. मला विचाराल तर बंद करणं हा त्यातला सोपा भाग होता, एक दिवस मेल टाकला की बंद. अवघड काय होतं, तर अप्रेजलच्या ज्या कागदाच्या जोरावर एचआरला कंपनीत वजन होतं तोच कागद एचआरने स्वतःहून सोडून दिला, आणि मग मॅनेजरला आपल्याकडे यावंसं वाटेल असं आपल्याकडे काय उरलं, हा प्रश्न त्यांना सोडवायला लागला. बिझनेसला एचआरचा उपयोग कसा वाढवायचा यावर ढीगभर प्रेझेंटेशनं असतात, त्यापेक्षा हे एक प्रकरण नीट उलगडून बघितलेलं बरं.

आधी धंद्याची स्थिती बघू, कारण ती सोडून एचआरचं बोलण्यात काही अर्थ नाही. अडोबी म्हणजे फोटोशॉप, इलस्ट्रेटर, पीडीएफवाली कंपनी. आपल्याकडच्या जुन्या डीटीपीवाल्यांना हे नाव पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमुळे पाठ आहे, तो मूळचा आल्डस कंपनीचा, अडोबीने ती १९९४ मध्ये विकत घेतली. तर यांचा धंदा असा चालायचा की दीड-दोन वर्षांनी क्रिएटिव्ह सूट या सॉफ्टवेअर-संचाचं नवं व्हर्जन काढायचं, डबा विकायचा, म्हणजे एकदाच पूर्ण पैसे घेऊन सॉफ्टवेअर देऊन टाकायचं. सगळं एकत्र असलेल्या मास्टर कलेक्शनची किंमत २,५९९ डॉलर. ज्यांना परवडतं ते घेतात, बाकीचे काय करतात ते आपल्याला माहितीच आहे. त्यात २०१० मध्ये ॲपलने आयफोनवर फ्लॅश, म्हणजे वेबवर व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालवणारं अडोबीचं सॉफ्टवेअर, येणार नाही हे जाहीरपणे सांगून टाकलं. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलसाठी फ्लॅश प्लेयर बनवणं थांबवलं, उत्तर अमेरिका आणि युरोपातली ७५० च्या आसपास माणसं कमी करायचं ठरवलं, आणि डबा विकायच्या ऐवजी महिन्याच्या भाड्यावर सॉफ्टवेअर द्यायचं, म्हणजे सबस्क्रिप्शन, त्या दिशेने गाडी वळवली. २०१२ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड आलं, वर्षभराचा प्लॅन घेतला तर महिन्याला ४९.९९ डॉलर, आणि मे २०१३ मध्ये सांगून टाकलं की इथून पुढे नवीन काही यायचं ते याच्यातच, डबा बंद.

आता यात माणसांचं काय होतं ते बघा. डब्याच्या धंद्यात इंजिनिअरला दीड वर्ष मिळतं, शेवटच्या टप्प्यात रात्रंदिवस काम करून व्हर्जन बाहेर काढायचं. सबस्क्रिप्शनमध्ये ग्राहक दर महिन्याला पैसे देतो, म्हणजे पटलं नाही तर तो सोडून जाऊ शकतो, त्यामुळे सुधारणा सारखी सारखी द्यावी लागते, सर्व्हर बंद पडला तर तेव्हाच बघावं लागतं. टीम मोडतात, नव्या बनतात, मार्केटिंगवाल्याचं काम बदलतं, विक्रीवाल्याचं तर सगळं गणितच बदलतं. अशा वेळी वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेले गोल, म्हणजे वर्षभराची उद्दिष्टं, मार्च-एप्रिलपर्यंतच शिळे होतात. आणि एचआरची यंत्रणा मात्र त्याच गोलवर वर्षाच्या शेवटी मार्क द्यायला बसलेली.

जुनी पद्धत काही फार वेगळी नव्हती, हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी केलेल्या कुणालाही ती सांगायची गरज नाही. वर्षाच्या सुरुवातीला गोल लिहायचे आणि विसरून जायचं. वर्षाच्या शेवटी आपण काय काय दिवे लावले ते लिहायचं, मॅनेजरने चार लोकांकडून फीडबॅक गोळा करायचा, लांबलचक रिव्ह्यू लिहायचा, मग रेटिंग, मग सगळ्यांना एकमेकांशी तोलून क्रमवारी, आणि त्या क्रमवारीवर पगारवाढ आणि शेअर. एचआरचं काम काय, तर सगळ्यांचे फॉर्म वेळेत आले का, सह्या झाल्या का, टप्पे पूर्ण झाले का हे बघत राहणं, आणि नाही झाले तर मेलवर मेल.

अडोबीत सुमारे २,००० मॅनेजर होते आणि त्यांनी हिशोब मांडला तर दरवर्षी या सगळ्यात मॅनेजर लोकांचे ८०,००० तास जात होते. म्हणजे माणशी ४० तास, अख्खा एक कामाचा आठवडा. वेगळ्या भाषेत, ४० माणसं वर्षभर पूर्णवेळ फक्त अप्रेजलचे फॉर्म भरायला ठेवली असती तरी एवढाच वेळ गेला असता. आणि हे फक्त मॅनेजरचे तास, एचआरने त्यांच्यामागे धावण्यात घालवलेले तास यात नाहीत.

मला या प्रकरणात हा हिशोब फार आवडतो, कारण एचआरवाले सहसा बिझनेसच्या लोकांशी "एंगेजमेंट", "कल्चर" असल्या शब्दांत बोलतात आणि समोरचा मान हलवून मोबाइल बघायला लागतो. तास ही गोष्ट कुठल्याही बिझनेस हेडला कळते. आमचा विभाग तुमच्या माणसांचे इतके तास खातो आणि त्याबदल्यात तुम्हाला हे देतो, असं कुठला एचआर हेड स्वतःहून सांगायला जातो? एचआरच्या डॅशबोर्डवर भरती किती दिवसांत झाली, किती टक्के फॉर्म पूर्ण झाले, ट्रेनिंगला किती लोक बसले हे सगळं असतं, पण आपल्यामुळे बाकीच्यांचा किती वेळ गेला हा कॉलम नसतो.

बरं एवढा वेळ घालवून मिळायचं काय? रिव्ह्यू झाले की राजीनाम्यांची लाट यायची. वर्षभर कुणी काही बोललेलं नाही आणि एकदम कळतं की आपण मधल्या गटात, मग माणूस दुखावतो, गप्प बसतो आणि लिंक्डइन उघडतो. दुसरं म्हणजे क्रमवारी लावायची असली की चांगल्या टीममध्ये पण कुणाला तरी खाली टाकावंच लागतं, सगळे चांगले असले तरी. मग जो शेजारी बसून मदत करतो तोच आपला स्पर्धक. कंपनी एका बाजूला म्हणतेय सगळ्यांनी मिळून नवा धंदा उभा करूया आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांशी तोलतेय. आणि तिसरं, लोकांचं काम पण वर्षअखेरीस उसळी मारायचं, रिव्ह्यू जवळ आला की, मग परत थंड. डब्याच्या धंद्यात हे एक वेळ चालून गेलं असतं.

२०१२ च्या शेवटाकडे नवी पद्धत सुरू झाली, नाव ठेवलं चेक-इन. रेटिंग नाही, क्रमवारी नाही, ठराविक फॉर्म नाही, एचआरकडे काही जमा करायचं नाही. मॅनेजर आणि त्याचा माणूस यांनी निदान तीन महिन्यांतून एकदा बसून बोलायचं आणि त्यात तीन गोष्टी यायला हव्यात, तुझ्याकडून अपेक्षा काय आहेत, काम कसं चाललंय याबद्दल दोन्हीकडून फीडबॅक, आणि तुला पुढे कुठे जायचंय, त्यासाठी काय शिकायचं. "दोन्हीकडून" हे महत्त्वाचं आहे, म्हणजे माणसाने मॅनेजरला पण सांगायचं की तुमच्याकडून मला हे मिळत नाहीये. कसं बसायचं, कुठे बसायचं, लिहून ठेवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. गोल पण मधेच बदलले तरी चालतील, नव्हे बदलायलाच हवेत.

इथपर्यंत ऐकलं की आपल्याकडचे लोक म्हणतात हां म्हणजे वन-ऑन-वन, आमच्याकडे पण आहे, कॅलेंडरवर दर पंधरा दिवसांनी येतं आणि दर पंधरा दिवसांनी पुढे ढकललं जातं. अगदी बरोबर. अडोबीत सुद्धा नुसतं "बोला" म्हणून सोडलं असतं तर हेच झालं असतं. फरक पैशात पडला.

आधी पगारवाढ कशी ठरायची, तर रेटिंग आणि क्रमवारी यातून. मॅनेजरला हात वर करायची सोय होती, "मी तर तुझ्यासाठी भांडलो रे, पण वरून कर्व्हमध्ये बसवलं." हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने आयटीत नोकरी केलेली नाही असं खुशाल समजावं. (कर्व्ह म्हणजे बेल कर्व्ह, किती जण वर, किती मधे आणि किती खाली हे आधीच ठरवून ठेवलेला साचा.) आता मॅनेजरला त्याच्या टीमचं बजेट मिळायला लागलं आणि वर्षातून एकदा कुणाला किती वाढ आणि किती शेअर हे त्याने स्वतः ठरवायचं, जणू ती टीम म्हणजे त्याचं स्वतःचं दुकान आहे. फॉर्म्युला नाही, पाठीमागे लपायला कर्व्ह नाही. तू ठरवलंस, आता तूच समोर बसून सांग की याला जास्त का आणि तुला कमी का.

आणि इथे बहुतेक मॅनेजरची बोबडी वळते, अमेरिकेत काय नि इथे काय. चांगला इंजिनिअर होता म्हणून मॅनेजर झाला, पण समोरच्या माणसाला तोंडावर "तुझं काम कमी पडतंय" हे म्हणायचं कसं, म्हटल्यावर तो रडला किंवा चिडला तर करायचं काय, हे त्याला कुणी कधी शिकवलेलंच नसतं. रेटिंगचा फॉर्म त्याच्या वतीने ते बोलायचा, वाईट बोलायचा, पण बोलायचा. तो काढून घेतला की ही पोकळी उघडी पडते. एचआरचं नवं काम नेमकं याच पोकळीत तयार झालं. अडोबीच्या एचआरने मॅनेजर लोकांना अवघड बोलणं कसं करायचं याचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, आणि एक मध्यवर्ती केंद्र उभं केलं, एम्प्लॉयी रिसोर्स सेंटर, की अडलं तर तिथे विचारा, मॅनेजरने पण आणि कर्मचाऱ्याने पण. आधी असं होतं की प्रत्येक विभागाला नेमून दिलेला एचआरवाला असायचा, त्याला वेळ असेल आणि तो पोचला तर मदत मिळायची, नाहीतर नाही. आता कुणाला कधीही विचारता येईल अशी जागा झाली.

हा भाग ऐकायला कंटाळवाणा वाटतो, हेल्पडेस्क टाकला, त्यात काय मोठं. पण सर्व्हिस म्हणून एचआर बघायचं असेल तर हाच गाभा आहे. डेव्ह उलरिच या मिशिगन विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी १९९७ च्या सुमारास मांडलेल्या विचारावर जगभरातल्या मोठ्या कंपन्यांनी आपलं एचआर तीन तुकड्यांत विभागलं, एक सर्व्हिस सेंटर, एक तज्ज्ञांचा गट आणि एक बिझनेस पार्टनर, म्हणजे विभागप्रमुखांबरोबर बसून काम करणारा एचआरवाला, ज्याला आपण एचआरबीपी किंवा नुसतं बीपी म्हणतो. पुण्यात आणि बंगळुरात अशी सर्व्हिस सेंटर भरपूर आहेत, पगाराची स्लिप, पीएफचं ट्रान्सफर, रजेचा बॅलन्स, रीइम्बर्समेंट, तिकीट टाका नंबर मिळेल. कारकुनी प्रश्न तिथे सुटतात आणि त्यामुळे बीपीला बिझनेसच्या लोकांबरोबर बसायला वेळ मिळेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात काय होतं, की कारकुनी काम गेलं तरी बीपीचा वेळ अप्रेजल सायकल, मग इन्क्रिमेंट सायकल, मग प्रमोशन सायकल, मग एंगेजमेंट सर्व्हे असल्या सायकलींमध्ये जातो. बिझनेस हेडला वाटतं ही बीपी मुलगी दर वेळी माझ्याकडे काही ना काही मागायलाच येते, आणि तिला वाटतं मला निर्णयाच्या बैठकीत बसू देत नाहीत. दोघंही खरंच बोलत असतात.

अडोबीने त्या सायकलींमधली सगळ्यात जड सायकल उचलून बाहेर फेकली आणि सर्व्हिस सेंटरला कारकुनीच्या वरचा प्रश्न हाताळायला लावला. "माझ्या टीममधला सिनियर माणूस नव्या कामात रमत नाहीये, त्याच्याशी बोलू कसं?" हा प्रश्न विचारायला फोन करता येणं आणि "माझी रजा का दिसत नाहीये?" विचारायला फोन करता येणं, दोन्हीला सर्व्हिसच म्हणतात पण पहिल्या प्रश्नाने कंपनीचा पैसा वाचतो.

आता आकडे. चेक-इन सुरू झाल्यानंतर स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. हा आकडा सगळीकडे फिरतो, एचआर कॉन्फरन्समध्ये तर हमखास स्लाइडवर असतो. त्याच्या जोडीचा दुसरा आकडा मात्र कमी लोक सांगतात, कंपनीने ज्यांना जायला सांगितलं, म्हणजे सक्तीने बाहेर पडलेले, त्यांचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलं.

माझ्या मते दुसरा आकडा जास्त बोलका आहे. पहिला आकडा नोकऱ्यांच्या बाजारावर अवलंबून असतो, शेअरच्या भावावर असतो, कंपनीचं नवं धोरण लोकांना पटलंय का त्यावर असतो, त्याचं सगळं श्रेय चेक-इनला देणं हे मला थोडं भाबडेपणाचं वाटतं, शिवाय हे आकडे कंपनीने स्वतः सांगितलेले आहेत हेही ध्यानात ठेवायचं. पण दुसरा आकडा वाढण्याचं मला दिसणारं मोठं कारण म्हणजे मॅनेजरने अवघड बोलणं टाळायचं थांबवलं. आधी कमी पडणाऱ्या माणसाला तळाचं किंवा मधलं रेटिंग देऊन पुढच्या वर्षावर ढकलता यायचं, बदली करून दुसऱ्याच्या गळ्यात मारता यायचं. आता तीन महिन्यांनी परत समोर बसायचंय, परत तेच बोलायचंय, आणि बजेट आपलंच आहे, म्हणजे त्याला दिलेला पैसा दुसऱ्या चांगल्या माणसाच्या वाट्यातून जातो. मग निर्णय होतो. कुणाला हे क्रूर वाटेल, वाटायलाच हवं थोडं, कारण "माणुसकीची पद्धत" म्हणून जी विकली जाते तिच्यात जास्त लोकांना घरी पाठवलं गेलं. पण ज्याला जायला सांगितलं त्याला निदान सहा महिने आधीपासून ठाऊक तरी असतं, फेब्रुवारीत एकदम वीज पडत नाही.

धंद्याचे आकडे पण बघून घेऊ, नाहीतर एचआरच्या गोष्टीत धंदा हरवतो. २०१२ मध्ये अडोबीची विक्री साधारण ४४० कोटी डॉलर होती, २०१३ मध्ये ती ४०५ कोटींवर आली आणि निव्वळ नफा ८३ कोटींवरून थेट २९ कोटींवर. हे होणारच होतं, २,५९९ एकरकमी घेण्याऐवजी ५० ५० करून घ्यायला लागलात की सुरुवातीला खड्डा पडतो. २०१५ पर्यंत विक्री ४८० कोटींच्या आसपास पोचली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. याचं श्रेय एचआरला देणारा माणूस दिसला तर त्याच्यापासून लांब राहा. चेक-इनमुळे क्रिएटिव्ह क्लाउड विकलं गेलं नाही. पण तो खड्ड्याचा काळ होता ना, २०१२ ते २०१४, त्या काळात चांगली माणसं टिकवणं आणि जुन्या धंद्यात मुरलेल्या पण नव्यात न बसणाऱ्यांबद्दल वेळेत निर्णय घेणं ही नारायण आणि त्यांच्या खालच्या लोकांची नेमकी गरज होती, आणि एचआरने त्याच वेळी नेमकं तेच सोपं करून दिलं. सपोर्ट म्हणतात तो हा. चार वर्षं आधी हेच केलं असतं तर एक छान उपक्रम म्हणून बक्षीस मिळालं असतं आणि कुणी लक्षात पण ठेवलं नसतं.

नंतर रांग लागली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये क्रमवारीची पद्धत बंद केली, २०१५ मध्ये ॲक्सेंचरने जाहीर केलं, डेलॉइटने हिशोब मांडला तर त्यांच्याकडे वर्षाला जवळजवळ २० लाख तास जात होते. आपल्या आयटीवाल्यांनी पण बेल कर्व्ह काढला, काहींनी खरंच काढला, काहींनी फॉर्मवरून काढला आणि एक्सेलमध्ये ठेवला. म्हणजे माणसाला रेटिंग सांगायचं नाही, पण पगारवाढीच्या शीटमध्ये एक लपवलेला कॉलम असतो आणि त्यात एक ते पाच आकडे असतातच. हे तर जुन्यापेक्षा वाईट, आधी निदान आपला आकडा कळायचा आणि भांडता यायचं. असं का होतं, तर पैशाचा अधिकार मॅनेजरकडे द्यायची वरच्यांची तयारी नसते. फायनान्सला भीती की बजेट फुटेल, एचआरला भीती की मॅनेजर आपल्या लाडक्याला वाटून टाकेल. भीती अगदीच खोटी नाही. पण मग अधिकार न देता नुसतं चेक-इन आणलं तर मॅनेजरच्या डोक्यावर आणखी चार मीटिंग वाढतात, बस.

आणि भारतात ही गोष्ट जशीच्या तशी उचलताना दोन-तीन ठिकाणी ठेच लागते, ते पण सांगायला पाहिजे. पहिली म्हणजे माणसांची संख्या. अडोबीत तेव्हा ११,००० च्या आसपास लोक आणि २,००० मॅनेजर, म्हणजे एकाकडे पाच-सहा जण. पाच-सहा जणांशी तिमाहीला नीट बोलता येतं. आपल्या आयटी सर्व्हिस कंपन्यांमध्ये एकेका मॅनेजरच्या नावावर पंचवीस-तीस माणसं असतात, त्यातली निम्मी क्लायंटच्या ऑफिसात, काहींना तर तो प्रत्यक्ष भेटलेला पण नसतो, काम बघतो क्लायंट आणि मार्क देतो हा. तिथे आधी रिपोर्टिंगचं झाड नीट करावं लागेल, चेक-इन नंतर.

दुसरी ठेच कारखान्यात. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, इथे युनियनबरोबर तीन-चार वर्षांचा वेतन करार होतो, कामगाराची वाढ त्यात ठरलेली असते, तिथे मॅनेजरच्या बजेटचा संबंध नाही. आणि कामगाराला काढायचं तर शो कॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस, चार्जशीट, डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणजे कंपनीतली चौकशी, सगळं कागदावर लागतं, नाहीतर लेबर कोर्टात पहिल्याच तारखेला वकील विचारतो, वॉर्निंग लेटर कुठाय. "आम्ही दर तीन महिन्यांनी मनमोकळं बोलायचो" हे तिथे चालत नाही. तेव्हा कागद फेकून देणं हे शॉप फ्लोअरवर करायचं नाही. ऑफिसर आणि मॅनेजर ग्रेडमध्ये मात्र करता येतं, आणि खरं म्हणजे सुपरवायझर पातळीवर त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, कारण कामगारांचे निम्मे तंटे सुपरवायझरच्या तोंडातून सुरू होतात.

तिसरी ठेच आपल्या स्वभावाची. "साहेब, तुमच्याकडून मला हे कमी मिळतंय" असं साहेबांच्या तोंडावर बोलणं आपल्याकडे अजून जड जातं, विशेषतः मालकाच्या कंपनीत, जिथे एमडी म्हणजे भाऊ किंवा दादा असतात आणि त्यांच्या केबिनमध्ये जाताना आवाज आपोआप खाली येतो. अशा ठिकाणी दोन्हीकडून फीडबॅक म्हणजे एकीकडून भाषण आणि दुसरीकडून "हो दादा". त्यावर उपाय अडोबीच्या प्रकरणात सापडत नाही, तो इथेच शोधावा लागेल. मला वाटतं एचआरने आधी दादांना तयार करायचं, त्यांनी स्वतः चारचौघांत एकदा विचारायचं की माझं काय चुकतंय, आणि उत्तर आल्यावर गप्प बसून ऐकायचं. एकदा झालं की खालचे धीर करतात.

मॉरिस बाईंच्या कामाची कक्षा पुढे वाढली. एचआरच्या जोडीला ग्राहकांच्या सपोर्टचं काम पण त्यांच्याकडे आलं आणि पद झालं कस्टमर अँड एम्प्लॉयी एक्सपीरियन्स, म्हणजे ग्राहक आणि कर्मचारी दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली. २०२० मध्ये त्या वॉलमार्टमध्ये गेल्या. एचआरवाल्या बाईच्या हातात ग्राहक सेवा देणं हे आपल्याकडे कुठल्या बोर्डाच्या मनात येईल का, मला शंका आहे, पण त्यात एक सरळ तर्क आहे, सबस्क्रिप्शनच्या धंद्यात ग्राहक का सोडून जातो आणि माणूस का सोडून जातो या दोन प्रश्नांची बरीच उत्तरं सारखीच निघतात.

कुणाला आपल्याकडे हे करून बघायचं असेल तर सगळ्या कंपनीत एकदम करू नका, आणि सुरुवात फॉर्म फाडण्यापासून तर बिलकुल नको. आधी तासांचा हिशोब काढा, दोन-तीन विभागांतल्या मॅनेजरना विचारून, गेल्या सायकलला किती वेळ गेला, आणि तो कागद घेऊन बिझनेस हेडकडे जा. मग त्याला विचारा की तुझ्याकडची कुठली बोलणी अडकून पडलीयेत, कुणाशी बोलायचं राहिलंय, कारण त्याच्या डोक्यात दोन-तीन नावं नक्की असतात. त्या दोन-तीन बोलण्यांची तयारी एचआरने त्याच्याबरोबर बसून करायची, हीच पहिली सर्व्हिस. ते जमलं की मग एखाद्या पन्नास-साठ माणसांच्या ऑफिसर विभागात पुढच्या इन्क्रिमेंटला रेटिंग न देता मॅनेजरच्या हातात बजेट देऊन बघायचं, फायनान्सला वरची मर्यादा लॉक करू द्यायची, ती त्यांची काळजी रास्त आहे. आणि त्याच विभागातल्या लोकांना, मॅनेजरला नाही, दोन महिन्यांनी फोन करून विचारायचं की तुमच्याशी कुणी बोललं का आणि पगार का वाढला किंवा का नाही वाढला ते कळलं का.